स्टेपनी : एका जादा चाकाचा इतिहास



आज मी तुमच्याशी एका चाकाविषयी बोलणार आहे. हे चाक गाडीबरोबर सगळीकडे जाते, पण बहुधा फिरत मात्र नाही. डिकीत, बाकाखाली, नाहीतर मागच्या दारावर ते मुकाट्याने बसून असते. आपण त्याला स्टेपनी म्हणतो. खेड्यातला पोरगासुद्धा हा शब्द जाणतो. पण तो आला कुठून, आणि हे चाक ऐन वेळी कामाला येते की नाही हे कशावर ठरते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. मीही केला नव्हता. एका रात्रीने तो करायला लावला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढाचे दिवस होते. आमच्या नाटे गावातली शेजारची सून अडली होती. तिला राजापूरला न्यायचे ठरले. एका ओळखीच्यांनी आपली मोटार दिली. मी सोबत निघालो. वाटेत एका चढावर मागचे चाक बसले. चालकाने पावसातच जॅक लावला, चाक उतरवले, स्टेपनी काढली. टायर चांगला होता, हवा भरपूर होती. डिस्कला भोकेही चारच, आणि गाडीला बोल्टही चार. पण चाक काही बसेना. एक बोल्ट भोकात गेला की समोरचा बाहेर राही. शेवटी चालक म्हणाला, "गुरुजी, हे चाक या गाडीचं नाही. बसायचं नाही हे." मालकांनी ते जुन्या बाजारातून घेतले होते, आणि एकदाही लावून पाहिले नव्हते. पाऊण तासाने मागून एक टेंपो आला. त्यात बसवून सुनेला नेले. आई आणि मूल दोघेही सुखरूप राहिली, म्हणून आज मी हे हसून सांगतो आहे. पण तो पाऊण तास अजून माझ्या अंगावर येतो.

तेव्हापासून मी या चाकाच्या मागे लागलो. त्याचा इतिहास मोठा गमतीचा निघाला.

आपल्या बैलगाडीपासून सुरुवात करू. सुताराने केलेल्या चाकाला मध्ये तुंबा, भोवती आरे आणि वरून लोखंडी धाव. बैलगाडीला जादा चाक कोणी बांधीत नसे. याचे कारण सोपे आहे. लोखंडी धाव पंक्चर होत नाही. चाक मोडलेच तर सुतार गावात होता. आणि आमच्या नाट्यासारख्या गावांचा लांबचा प्रवास तर पाण्यावरूनच चाले. यशवंतगडाच्या पायथ्याशी खाडी, पलीकडे जैतापूर, तोंडाशी मुसाकाजीचे बंदर. आगबोटीला चाक नाही आणि पंक्चरही नाही.

चाकात हवा आली, तिथून काळजी सुरू झाली. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. तशी ही कल्पना त्याआधी १८४५ सालीच रॉबर्ट टॉमसन यांनी मांडली होती, पण तेव्हा तिला गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे १८९५ साली फ्रान्समध्ये पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याची मोटारींची शर्यत झाली. तीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटार चालवून दाखवली. वाटेत पंक्चरांवर पंक्चर झाली, तरी गाडी मुक्कामाला पोचली. बसणारे धक्के कमी झाले, वेग वाढला. मात्र त्याच्या मोबदल्यात पंक्चर पदरी पडले.

त्या काळचे पंक्चर म्हणजे काय होते, हे आज आपल्याला कळायचे नाही. रस्त्यांवर घोडागाड्या धावत आणि घोड्यांच्या नालांचे खिळे जागोजाग सांडलेले असत. बरे, मोटारीचे लाकडी आऱ्यांचे चाक आजच्यासारखे चार नट काढून निघत नसे. ते आसाला कायमचे बसवलेले असे. म्हणून चाक जागेवर ठेवूनच पहारीसारख्या पट्ट्यांनी टायर उपसायचा, आतली ट्यूब काढायची, ठिगळ लावायचे, पुन्हा सगळे चढवायचे आणि हातपंपाने हवा मारायची. हे सगळे रस्त्याच्या कडेला, उन्हात नाहीतर पावसात.

यावर तोड काढली ती इंग्लंडच्या पश्चिमेला असलेल्या वेल्स प्रांतात, लानेल्ली नावाच्या गावी. हे गाव पत्र्याच्या कारखान्यांचे. तिथे थॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस हे दोघे बंधू लोखंडी सामानाचे दुकान चालवीत. १९०४ साली त्यांनी एक नवे चाक तयार केले. त्याला आरे नाहीत, तुंबा नाही. नुसती लोखंडी कडी आणि तिच्यावर हवा भरून तयार ठेवलेला टायर. पंक्चर झाले की मूळ चाक काढायचेच नाही. ही कडी त्याच्या कुशीला टेकवायची, आकड्यांनी घट्ट आवळायची आणि चालू लागायचे. अधू पायाच्या माणसाला कुबडी द्यावी, तसला हा प्रकार.

आता नावाचे ऐका. त्यांचे दुकान होते स्टेपनी स्ट्रीटवर. तिथल्या स्टेपनी नावाच्या जमीनदार घराण्यावरून त्या रस्त्याला हे नाव पडलेले. त्या रस्त्याचेच नाव डेव्हिस बंधूंनी आपल्या चाकाला दिले. पुष्कळांना वाटते की हे लंडनमधल्या स्टेपनी भागाचे नाव असावे. तसे नाही. लांबच्या एका लहानशा गावातला रस्ता आपल्या राजापूर-रत्नागिरीच्या गॅरेजांत रोज उच्चारला जातो, आणि उच्चारणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. हे चाक देशोदेशी विकले गेले. पुढे ते इंग्लंडातून गेले, नावही तिथले लोक विसरले. आपल्याकडे मात्र नाव टिकले. माल्टा बेटातही ते टिकले, आणि ब्राझीलमध्ये अजून जादा चाकाला 'एस्तेपे' म्हणतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी. आकड्यांनी आवळायचे असल्यामुळे स्टेपनीला गाडीच्या बोल्टांशी काही देणेघेणे नव्हते. मूळ चाकाचे माप जुळले की पुरे. मोटार कोणत्या कंपनीची, हे विचारायचे कारण नव्हते. पुढे आख्खे चाकच नट सोडून काढता येऊ लागले, पोलादी डिस्क आल्या, आणि गाडीबरोबर पाचवे चाक कारखान्यातूनच मिळू लागले. सोय वाढली. पण त्याच वेळी प्रत्येक कारखान्याने आपल्या बोल्टांचे वर्तुळ आपल्या मनाप्रमाणे आखले. एकाचे चाक दुसऱ्याला न बसण्याची कथा इथे सुरू होते.

आपल्या देशात ही अडचण पुष्कळ वर्षे जाणवली नाही, कारण गाड्यांचे प्रकारच मोजके. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट, १९५७ पासूनची अँबॅसडर, आणि महिंद्रांची जीप. फियाटवाल्याला पुढच्या गावात दुसरा फियाटवाला हमखास भेटे. "तुमची स्टेपनी द्या, उद्या पोचवतो," एवढे म्हटले की भागे. जादा चाक हा तेव्हा शेजारधर्माचा प्रश्न होता. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, १९९१ नंतर दारे उघडली, आणि गाड्यांचे पन्नास प्रकार झाले. शेजारधर्म आजही आहे हो, पण नुसत्या शेजारधर्माने बोल्ट भोकात जात नाही. आता माप लागते.

ते माप कसे घ्यायचे, ते सांगतो. सातवी-आठवीच्या वर्गात हा धडा सहज शिकवता येईल.

पहिले, भोके किती ते मोजा. दुसरे, ती भोके ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास काढा. चार भोके असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर घ्या. पाच असतील तर समोरासमोर भोक येत नाही. तेव्हा शेजारच्या दोन भोकांतले अंतर घेऊन त्याला १.७०१ ने गुणा. जुन्या जीपचे हे वर्तुळ साडेपाच इंचांचे, म्हणजे १३९.७ मिलिमीटरचे. चार भोकांच्या लहान गाड्यांत १०० आणि ११४.३ ही मापे नेहमीची. त्या रात्री आमचा घात याच दोन मापांनी केला होता. फरक प्रत्येक भोकाशी जेमतेम सात मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढा.

फरक मोठा असला तर चाक बसत नाही, आणि एका अर्थी ते बरेच. धोका आहे तो लहान फरकात. फियाटच्या उनो-पालिओसारख्या गाड्यांचे वर्तुळ ९८ चे. १०० चे चाक तिथे ओढूनताणून चढते. पण बोल्टाचे निमुळते तोंड भोकाच्या उतारात नीट टेकत नाही. चालता चालता बोल्ट सैल होतात. "बसलं म्हणजे झालं," असे इथे म्हणू नये.

तिसरे, डिस्कच्या मधले मोठे भोक गाडीच्या तुंब्यावर बसले पाहिजे. चौथे, डिस्क आत-बाहेर किती आहे ते पाहा. नाहीतर चाक ब्रेकला किंवा मडगार्डला घासते. चाक चढवल्यावर जॅक उतरवण्याआधी ते हाताने पुरते फिरवून बघावे. पुढचे चाक असेल तर स्टिअरिंग दोन्हीकडे वळवूनही बघावे. नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळावेत, आणि थोडे अंतर गेल्यावर पुन्हा एकदा आवळावेत. जुन्या जीपवाल्यांना आणखी एक सांगणे : डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसल्याने कितीकांनी जोर लावून बोल्ट तोडले आहेत.

पाचवे माप टायरच्या उंचीचे. टायरवर १६५/८० आर १४ असे लिहिलेले असते. १६५ मिलिमीटर ही रुंदी. तिच्या शेकडा ८०, म्हणजे १३२, ही टायरच्या भिंतीची उंची. भिंती वर-खाली दोन, म्हणून २६४. रिम १४ इंचांची, म्हणजे ३५५.६. बेरीज ६१९.६ मिलिमीटर. आता १८५/६५ आर १५ घ्या. तेच गणित केले की उत्तर ६२१.५ येते. आकडे सगळे निराळे, पण उंची जवळजवळ सारखी! उलट १४५/८० आर १२ ची उंची ५३६.८ च भरते. ते चाक त्या जोडीत लावले तर गाडी एका अंगाला कलंडेल, आणि इंजिनाची ओढ ज्या दोन चाकांवर असते तिथे लावले तर आतल्या दातेरी चाकांना सरळ रस्त्यावरही वळणाचे श्रम पडतील. नाइलाज असेल तर तसले चाक ओढ नसलेल्या बाजूला लावावे आणि हळूहळू जवळचे गॅरेज गाठावे.

अलीकडे कारखानेच कित्येक गाड्यांना बारीक, तात्पुरती स्टेपनी देतात. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. २०२० सालच्या नियमाने तर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारे यंत्र आणि पंक्चरचे सामान असलेल्या लहान गाड्यांना स्टेपनीची सक्तीही राहिली नाही. शहरात ते ठीक असेल. पण जांभ्या दगडाच्या धारदार कडेने टायरची कूस फाटली, तर ठिगळाचे सामान उपयोगी पडत नाही. आपल्या बाजूला पाचवे चाक हवेच.

तेव्हा श्रोतेहो, एवढेच करा. पाऊस लागण्याआधी एखाद्या रविवारी अंगणात गाडी लावा आणि स्टेपनी खरोखरच चढवून बघा. गाडीचे वर्तुळ, मधल्या भोकाचे माप आणि टायरचे आकडे एका कागदावर लिहून तो कागद जॅकजवळ ठेवा. जुने चाक विकत घेताना तो कागद हातात असू द्या. गावात कोणाकोणाच्या गाड्यांची चाके एकमेकांना बसतात, याची यादी शाळेच्या मुलांना करायला सांगा. मुलांचे गणित होईल, आणि अडल्या रात्री कोणाचे दार वाजवायचे ते गावाला कळेल.

डेव्हिस बंधूंच्या चाकाला कोणाची गाडी हे विचारावे लागत नव्हते. आपल्याला विचारावे लागते, तर ते आधीच, उजेडात विचारून ठेवू या. चढावर, पावसात, गाडीत माणूस कण्हत असताना नव्हे.