नाव बदलले, नियतकालिक चालूच : तालिकाकारांचे काम आणि डहाणू-तलासरीचा इतिहास

विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल, की विद्यापीठाच्या ग्रंथालयात नियतकालिकांचे तालिकीकरण, म्हणजे कॅटलॉगिंग, करणारी माणसे आणि आपले डहाणू-तलासरी यांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो इतिहासाचा आहे.

१९४५ साल घेऊ. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. २३ मे रोजी झरीला वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगारीला नकार मिळाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड होते. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आपण वाचतो, पण ते आले १९७० मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. त्या वेळी, त्या आठवड्यात काय छापले गेले हे बघायचे तर नियतकालिकांकडेच जावे लागते.

आता गंमत बघा. कम्युनिस्ट पक्षाचे मुंबईहून निघणारे इंग्रजी साप्ताहिक होते ‘पीपल्स वॉर’. १९४५ च्या अखेरीस त्याचे नाव झाले ‘पीपल्स एज’. युद्ध संपले, नाव बदलले. समजा, कोणा ग्रंथालयाच्या तालिकेत पहिल्या नावाची नोंद १९४५ वर थांबली आणि ‘पुढे अमुक नावाने चालू’ ही एक ओळ लिहायची राहिली. तलासरीचा विद्यार्थी येतो, बघतो आणि समजतो की साप्ताहिक बंद पडले. पुढचे अंक त्याच इमारतीत, दुसऱ्या कपाटात असतात. गोळीबारानंतरचे सारे पर्व त्याच्यापुरते मुके होते. एका ओळीची किंमत एवढी आहे.

आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे मिलिंदप्रश्नातला रथ आठवतो. चाक काढले, आस काढला, मग रथ कशाला म्हणायचे? नियतकालिकाचेही तसेच. नाव बदलते, संपादक बदलतो, गाव बदलते, मासिकाचे त्रैमासिक होते. मग ते तेच की दुसरे? जुन्या अमेरिकी नियमांत सगळा इतिहास शेवटच्या नावाखाली एकत्र ठेवत. १९६७ च्या आंग्ल-अमेरिकन नियमांनी प्रत्येक नव्या नावाला स्वतंत्र नोंद दिली आणि मागची-पुढची नोंद एकमेकींना जोडायला सांगितली. म्हणजे हा वाद ऋषिमुनींपुरता नाही, टेबलावर रोज निकाली काढावा लागतो, तोही पगारी कर्मचाऱ्याला, जेवणाच्या सुट्टीच्या आत.

आपल्या भागात तर नावांचा खेळ जास्तच. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. १९६० ला राज्ये वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी इकडे राहिले. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. तलासरीचे आकडे शोधणाऱ्याला २०१४ पूर्वीचे अहवाल ठाण्याखालीच बघावे लागतात. हे तालिकेने सांगितले नाही, तर कोण सांगणार?

आणि कोसबाडची टेकडी विसरून कसे चालेल? ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले, अनुताई वाघ सोबत होत्या. त्यांच्या ‘शिक्षणपत्रिके’ची सुरुवात गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला गुजरातीत झाली, मग ती मराठीत आली. नाव एक, भाषा दोन, गावे वेगळी. गुजराती न वाचणाऱ्या तालिकाकाराने दोन्हींची खिचडी केली, तर दोष त्याचा की त्याला तिथे एकटे बसवणाऱ्याचा?

इथे व्यवस्थापनाचा मुद्दा येतो. डॉ. रंगनाथन यांनी नियतकालिकांसाठी तीन कार्डांची पद्धत दिली : कोणता अंक आला, कोणता यायचा राहिला आणि विषयवार संग्रहात काय आहे. पुस्तक एकदा नोंदले की झाले. नियतकालिक मात्र संसारासारखे आहे, रोज बघावे लागते. नाव बदलल्याचे सर्वांत आधी कोणाला कळते? ग्रंथपालाला नाही. टपाल फोडून अंकावर शिक्का मारणाऱ्याला कळते. त्याने तालिकाकाराला सांगितले तर काम होते. ‘आपल्याला काय करायचे?’ म्हणून गप्प बसला तर साखळी तुटते. म्हणून आम्ही नेहमी म्हणतो, या विभागाचा प्रमुख चांगला की नाही हे महिन्याला किती नोंदी झाल्या यावरून ठरवू नका. शिक्का मारणारा माणूस त्याच्या टेबलापाशी जाऊन बिनधास्त बोलतो का, ते बघा.

दुसरे असे की मराठी नियतकालिक इंग्रजी नियमांत सहज बसत नाही. कुठे शके आणि चैत्र-वैशाख, कुठे जोडअंक, कुठे खंडाचा आकडाच चुकलेला. असे निर्णय डोक्यात राहतात, माणूस निवृत्त होतो आणि निर्णय त्याच्याबरोबर घरी जातात. ते वहीत लिहून ठेवायला लावणे, नव्या माणसाला जुन्याशेजारी वर्षभर बसवणे, दर सहा महिन्यांनी बदली न करणे, एवढे केले तरी पुष्कळ.

हे जमते, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. शं. ग. दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांनी १८०० ते १९५० ची मराठी नियतकालिकांची सूची केली, ती मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १९६९ मध्ये काढली. संगणक नव्हता, होती ती चिकाटी.

आज १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत सुमारे १३,००० नियतकालिके पडद्यावर येतात. आनंद आहे. पण ती मोठ्या प्रकाशकांची. आपल्या भागातली पत्रके, संघटनांची मुखपत्रे, शाळांची वार्षिके दिल्लीहून कोणी नोंदवणार नाही. तलासरी आणि बोर्डीच्या महाविद्यालयांनी एकेक वही घालावी : नाव, पूर्वीचे नाव, कुठून निघाले, कोणते अंक हाती आहेत, कोणते नाहीत. घरातल्या पेटीत, माळ्यावर असे अंक असतील तर रद्दीत घालण्याआधी त्या वहीपर्यंत आणा. आणि ती वही सांभाळणाऱ्याला, मित्रहो, दुसऱ्या कामाला जुंपू नका.