कनवटी, खिसा आणि वाटेवरचा रुपया

अंगावर बाळगण्याच्या लहानसहान वस्तू हरवणे आणि सापडणे ही इतकी रोजची घटना आहे की इतिहासग्रंथांनी तिची स्वतंत्र दखल क्वचितच घेतली. तरीही नाणे, किल्ली, अंगठी किंवा घड्याळ हातातून निसटल्यावर ते कोणाचे राहते, ज्याला ते सापडले त्याने काय करावे आणि मूळ मालकाने आपला हक्क कसा शाबीत करावा, या प्रश्नांची उत्तरे धर्मशास्त्रकारांपासून एकोणिसाव्या शतकातील संहिताकारांपर्यंत अनेकांनी मोठ्या बारकाईने दिली आहेत. महाराष्ट्रापुरते पाहिले तर या उत्तरांमागे दोन गोष्टी होत्या: वस्तू अंगावर कशी बाळगली जाई, आणि तिच्यावर मालकाची काही खूण असे की नसे. यांतील दुसरी गोष्ट अधिक निर्णायक ठरली, कारण जिच्यावर खूण आहे ती वस्तू सापडणाऱ्यावर जबाबदारी टाकते, तर बिनखुणेची वस्तू त्याला बहुतांशी त्याच्या सदसद्विवेकावर सोडून देते.

खिसा हा पोशाखाचा सार्वत्रिक भाग होण्यापूर्वी पैसा बाळगण्याची जागा म्हणजे कंबर. धोतर नेसणारा पुरुष नाणी कनवटीला लावी, म्हणजे कमरेशी धोतराच्या वळकटीत गुंडाळून ती घट्ट खोचून ठेवी. रक्कम मोठी असली किंवा प्रवास लांबचा असला तर ‘कसा’, म्हणजे कापडाची लांबट व अरुंद पिशवी, पैशांनी भरून अंगरख्याच्या आतून कमरेभोवती बांधला जाई. पान, सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी आणि अडकित्ता यांच्यासाठी चंची असे. ती अनेक कप्प्यांची, गुंडाळून नाडीने बांधायची कापडी पिशवी होय. चिठ्ठीचपाटी पागोट्याच्या पेचात खोचली जाई. स्त्रिया सुटे पैसे पदराच्या टोकाला गाठ मारून किंवा कनवटीला लावून ठेवत आणि कोठीच्या किल्ल्या कमरेला अडकवलेल्या चांदीच्या छल्ल्यात ओवत, तर अनेक ब्राह्मण घरांत कर्ता पुरुष पेटीची किल्ली जानव्यालाच बांधी, आणि ही रीत विसाव्या शतकातही पुष्कळ वर्षे टिकून होती. या सर्व रीतींत वस्तू अंगाला बांधलेली असे, ती कशात तरी नुसती टाकलेली नसे. जानव्याची किल्ली स्नानाच्या वेळीही अंगावरून उतरत नसे, आणि कनवटीचा एक पैसा काढायचा तरी वळकटी उलगडावी लागत असल्यामुळे मागे किती नाणी उरली याचा अंदाज प्रत्येक वेळी बोटांना येत असे. गाठ सैल झाली, कापड विरले किंवा नदी ओलांडताना वस्त्र सुटले, तरच सहसा असा ऐवज हरवे.

हरवलेली वस्तू गावात सापडली तर ती बहुधा ओळखीच्याच माणसाच्या हाती पडे. पाटलाची चावडी, म्हणजे गावकारभाराची बसण्याची जागा, हे अशा वस्तूंचे स्वाभाविक ठाणे होते, आणि गावभर बातमी पोचवण्याचे काम दवंडीने, म्हणजे वाद्य वाजवत दिलेल्या जाहीर पुकाऱ्याने होई. वस्तू चोरीला गेल्याचा संशय असेल तर गावचा राखणदार रामोशी किंवा जागल्या पावलांचा माग काढी, आणि तो माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावावर सरके. या व्यवस्थेचे बळ कोणत्याही लेखी नियमापेक्षा परस्परांच्या ओळखीत होते, कारण शेजाऱ्याचा अडकित्ता किंवा चुन्याची डबी गावात कोणाला उघडपणे वापरता येत नसे. हीच ओळख जातीच्या उतरंडीने घट्ट बांधलेली होती आणि दवंडी देण्याचे व निरोप पोचवण्याचे काम महार समाजावर वंशपरंपरेने लादलेले होते, हेही विसरता येत नाही.

गावाबाहेरच्या, म्हणजे अनोळखी माणसांमधल्या व्यवहारासाठी धर्मशास्त्राने वेगळी तजवीज केली होती. ज्याचा मालक कळत नाही अशा धनाला मनुस्मृतीने ‘प्रनष्टस्वामिक’ म्हटले असून राजाने ते तीन वर्षे सांभाळावे, त्या मुदतीत मालक आल्यास त्याला द्यावे आणि नंतर स्वतः घ्यावे, असे तिच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. ‘हे माझे’ म्हणणाऱ्याने वस्तूचे रूप, संख्या आणि ती हरवल्याचे ठिकाण नेमके सांगावे. ते सांगता आले नाही तर वस्तूच्या किमतीइतका दंड त्याच्यावर बसे. याज्ञवल्क्यस्मृतीत मालकासाठीची मुदत एक वर्षाची आहे, आणि खोट्या दावेदारास तितकाच दंड आहे. मात्र सापडणाऱ्याचा विचार सर्वांत स्पष्टपणे गौतमधर्मसूत्राने केला: सापडलेली बेवारस वस्तू राजाला कळवावी, राजाने तिची जाहीर वाच्यता करून ती वर्षभर राखावी, आणि मालक न आल्यास चौथा हिस्सा सापडणाऱ्याला व उरलेला राजाला मिळावा. प्रामाणिकपणाला हक्काचा मोबदला जोडणारी ही तरतूद फार शहाणपणाची होती, कारण तिने सापडणाऱ्याला गप्प राहण्यापेक्षा बोलण्यात लाभ दाखवला.

तीन वर्षे की एक वर्ष, हा विरोध मिटवण्याचे काम याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा या टीकेने केले. तिचा कर्ता विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६–११२६) आश्रयाला होता, आणि ते कल्याणी म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेलगतचे, आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण होय. विज्ञानेश्वराने मनूने सांगितलेले राजाचे सहावा, दहावा व बारावा हे तीन पर्यायी हिस्से कालक्रमाने लावले: पहिल्या वर्षात मालक आला तर सर्व धन परत, दुसऱ्या वर्षी राखणीबद्दल बारावा, तिसऱ्या वर्षी दहावा आणि पुढे सहावा भाग कापून उरलेले परत. मालकाचा हक्क अशा रीतीने एकदम बुडत नाही, तो झिजत जातो. हरवलेल्या वस्तूचा शोध उशिरा लागणे हा मालकाचा अपराध नसतो, ही समज या मांडणीमागे आहे.

शास्त्रातील ही व्यवस्था रस्त्यावरच्या माणसाला कशी भोगावी लागे, याचे चित्र कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकातील सहाव्या अंकाच्या प्रवेशकात, म्हणजे मुख्य प्रसंगाआधीच्या छोट्या दृश्यात, आलेले आहे. शक्रावतार नावाच्या ठिकाणच्या कोळ्याला रोहित माशाच्या पोटात अंगठी मिळते, ती विकायला तो बाजारात येतो आणि तिच्यावर राजाचे नाव कोरलेले असल्यामुळे नगररक्षक त्याला चोर ठरवून मुसक्या बांधून मारतात. अंगठी राजापुढे गेल्यावर कोळ्याला तिच्या मोलाइतके बक्षीस मिळते खरे; पण सुटका होताच त्यातला अर्धा भाग त्याला त्याच रक्षकांच्या हाती ठेवावा लागतो. अंगठीवरच्या नावामुळे वस्तू मालकापर्यंत पोचते आणि त्याच नावामुळे सापडणारा गरीब माणूस संशयित ठरतो. नाटकात हलकाफुलका वाटणारा हा प्रसंग त्या दृष्टीने एखाद्या न्यायग्रंथाइतका बोलका आहे.

एकोणिसाव्या शतकात या साऱ्याचे स्वरूप पालटले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या, आणि ज्यांना एकमेकांचे नाव-गाव ठाऊक नाही अशी माणसे तासन्‌तास एका बाकावर बसू लागली. याच काळात सदरा, बंडी आणि कोट यांचे खिसे शहरी पुरुषाच्या पैशांचे ठिकाण बनले. खिसा सोयीचा खरा, पण तो वरून उघडा असतो आणि बसताना, वाकताना, कोट खांद्यावर टाकताना आतला ऐवज आपोआप बाहेर येतो. बंडीला आतून शिवलेला चोरखिसा, म्हणजे वरून न दिसणारा कप्पा, आणि कोटाच्या काजात अडकवलेली घड्याळाची साखळी हे दोन्ही उपाय बांधून ठेवण्याच्या जुन्या सवयीचेच अवशेष म्हणावे लागतील. १८६१ च्या कागदी चलन कायद्यानंतर सरकारी नोटा आल्या आणि हरवण्याची धास्ती वाढली. पण नाण्याला जी ओळख नव्हती ती नोटेला तिच्या क्रमांकाने दिली. नोट टपालाने पाठवायची तर ती मधोमध कापून दोन अर्धे वेगवेगळ्या लखोट्यांतून पाठवावेत आणि दुसऱ्या टोकाला क्रमांक जुळवून ते जोडावेत, अशी व्यापाऱ्यांची रीत त्या काळी सर्रास होती, आणि क्रमांक नोटेवर दोन ठिकाणी छापलेला असल्यामुळेच ती शक्य झाली.

अनोळखी गर्दीतल्या या नव्या सापडणाऱ्यासाठी कायद्याने जी भाषा शोधली ती १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ४०३ व्या कलमात आहे. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये तयार केलेल्या मसुद्यावर ही संहिता आधारलेली होती, आणि नियमाखाली छोटी उदाहरणे देऊन तो स्पष्ट करणे ही तिची खास पद्धत होती. मालमत्तेचा अप्रामाणिक अपहार, म्हणजे चोरी न करता हाती आलेली दुसऱ्याची वस्तू लबाडीने आपली करणे, या गुन्ह्याखालची उदाहरणे जवळजवळ सगळी खिशातल्या वस्तूंची आहेत. हमरस्त्यावर रुपया सापडला, तो कोणाचा हे ठाऊक नाही, आणि उचलला, तर गुन्हा नाही. पत्रात नोट सापडली आणि पत्त्यावरून व मजकुरावरून मालक कळला, तरी ती ठेवून घेतली, तर गुन्हा आहे. एखाद्याच्या खिशातून पाकीट पडताना पाहिले, परत देण्यासाठी उचलले आणि मागाहून मन फिरले, तर गुन्हा आहे. मौल्यवान अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकली, तरीही गुन्हा आहे. रुपया आणि अंगठी यांच्यातला फरक किमतीचा आहेच, पण त्याहून तो ओळखीचा आहे, कारण कोणत्याही रुपयासारखा दुसरा रुपया असतो आणि अंगठीचा मालक तिला शेकडो अंगठ्यांत ओळखतो. वस्तू उचलणे निर्दोष आणि ती मनाने आपली मानण्याचा क्षण दोषाचा, अशी सीमारेषा या कलमाने आखली. मनुस्मृतीचा राजा मालकाची परीक्षा घेत होता. ही संहिता सापडणाऱ्याच्या मनाची परीक्षा घेऊ लागली.

१८७२ च्या करार कायद्याने त्याच सापडणाऱ्याला काही अधिकार दिले, पण ते फार तोकडे आहेत. त्या कायद्याच्या ७१ व्या कलमानुसार वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकी जबाबदारी येते. १६८ व्या कलमानुसार शोधाशोधीच्या श्रमाबद्दल त्याला दावा लावता येत नाही, भरपाई मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते, आणि मालकाने विशिष्ट बक्षीस जाहीर केले असेल तरच त्यासाठी न्यायालयात जाता येते. मालक मिळत नसेल किंवा खर्च देण्यास नकार देत असेल, आणि वस्तू नासण्याच्या बेतात असेल किंवा तिच्यावरचा रास्त खर्च किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला असेल, तरच तिची विक्री करण्याची मुभा १६९ वे कलम देते. गौतमाने दिलेला चौथा हिस्सा येथे नाहीसा झाला आहे. याउलट जमिनीत पुरलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या धनासाठी १८७८ मध्ये झालेल्या गुप्तधन कायद्याने, धन बेवारस ठरल्यास, सापडणाऱ्याला सामान्यतः तीन चतुर्थांश हिश्शाचा हक्क दिला. पुरलेला हंडा सापडणाऱ्यावर उदार असणारा कायदा वाटेवरचे पाकीट परत करणाऱ्याबाबत इतका हात आखडता घेतो, ही विसंगती अन्यायाची आहे.

वस्तू पडली की कोणी काढली, हे खिशाच्या बाबतीत मालकालाही पुष्कळदा सांगता येत नाही, आणि या अनिश्चिततेची किंमत काही समाजांना मोजावी लागली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आरंभी मुख्यतः उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने त्याची कक्षा वाढली आणि मुंबई इलाख्यातील अनेक भटक्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या गेल्या. पोलिसांकडे हजेरी देणे त्यांच्यावर बंधनकारक झाले आणि बाजारात किंवा जत्रेत कोणाचा ऐवज नाहीसा झाला की संशय प्रथम त्यांच्यावर जाई. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, पण संशय विमुक्त झाला नाही, याची साक्ष लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने दिली, ज्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कालिदासाच्या कोळ्याला निदान अंगठीचे मोल मिळाले होते. या माणसांच्या वाट्याला नुसता मार आला.

बेवारस वस्तू ताब्यात घेण्याचे काम १८६१ च्या पोलीस कायद्याने पोलिसांवर सोपवले आणि दंडाधिकाऱ्याच्या जाहीरनाम्यापासून सहा महिन्यांची मुदत दावेदारांना दिली. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यानेही हे कर्तव्य कायम ठेवले. रेल्वेने सापडलेल्या सामानासाठी स्वतंत्र कार्यालये उघडली, आणि शहरांतील बससेवांत वाहकाने अशी वस्तू आगारात जमा करायची ही शिस्त रुजली. तेथे आजही मालकाला जे विचारले जाते, म्हणजे पाकिटाचा रंग कोणता, आत कोणाचा फोटो, नोटा किती, ते मनूच्या रूप आणि संख्येच्या प्रश्नांहून वेगळे नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या ३१४ व्या कलमात अपहाराची शिक्षा किमान सहा महिने कैद अशी कडक झाली आहे, पण हमरस्त्यावरचा रुपया तेथेही उदाहरणादाखल तसाच पडलेला आहे.

खिशातली सर्वांत मौल्यवान वस्तू मात्र आता रुपयाही नाही आणि अंगठीही नाही. प्रत्येक मोबाइल संचाला आयएमईआय हा पंधरा अंकी ओळखक्रमांक असतो, आणि हरवलेला संच त्यावरून देशभर बंद करण्याची व नव्या सिमकार्डावरून त्याचा माग काढण्याची सरकारी व्यवस्था २०१९ मध्ये महाराष्ट्रात प्रायोगिक स्वरूपात सुरू होऊन २०२३ मध्ये सर्व देशासाठी खुली झाली. तिचा लाभ घेण्यासाठी पोलिसांतील तक्रारीची प्रत जोडावी लागते. मालकाची बाजू त्यामुळे भक्कम झाली आहे. रस्त्यात संच उचलून तो परत देऊ पाहणाऱ्या माणसासाठी मात्र १८७२ च्या त्या तीन कलमांपलीकडे फारसे काही लिहिले गेलेले नाही.