चिठ्ठी वाचा आणि फाडा

नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यात लस नाही तर रेशन नाही, पेट्रोल नाही असा आदेश निघाला, तो तुम्हाला आठवत असेल. तेव्हा केंद्रांवर रांगा वाढल्या आणि बायकांचा एक प्रश्नही वाढला : अंगात गेलेलं हे औषध बाहेर कधी पडतं? या प्रश्नाला साठेक वर्षांचा इतिहास आहे. आज तोच सांगू.

पेशीत डीएनए असतो. आजीची पाककृतींची वही कपाटात कुलूपबंद असावी तसा. वही मांडवात नेत नाहीत. आचाऱ्याला लागेल तेवढं चिठ्ठीवर उतरवून देतात. ही चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए. ती वाचून पेशी प्रथिनं बनवते. पण लग्न उरकल्यावरही चिठ्ठी तशीच राहिली तर? आचारी दुसऱ्या दिवशीही दोनशे पानांचा घाट घालणार. म्हणून पेशी चिठ्ठ्या लिहिते तितक्याच नेमाने फाडतेही.

हे कळलं ते दुधातल्या साखरेवरून. पॅरिसमध्ये झाक मोनो आणि फ्रान्स्वा झाकोब आतड्यातल्या एका जंतूवर काम करत होते. दुधातली साखर दिली की काही मिनिटांत तो जंतू ती पचवणारं विकर बनवू लागे. साखर काढून घेतली की उत्पादन तितक्याच झटपट थांबे. निरोप टिकाऊ असता तर असं झालंच नसतं. १९६१ मध्ये झाकोब, सिडनी ब्रेनर आणि मॅथ्यू मेसेल्सन यांनी हा अल्पायुषी निरोप्या प्रयोगाने दाखवून दिला. म्हणजे आरएनएची ओळख पटली तीच त्याच्या नाशवंतपणामुळे. आम्हाला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत गमतीची गोष्ट वाटते.

पुढे सत्तरच्या दशकात समजलं की आपल्या पेशींतल्या चिठ्ठीला एका टोकाला टोपी असते आणि दुसऱ्या टोकाला लांब शेपटी. शेपटी हळूहळू झिजते, मग टोपी निघते आणि उघडी पडलेली चिठ्ठी विकरं कुरतडून टाकतात. काही चिठ्ठ्या मिनिटांत संपतात, काही तासन्‌तास टिकतात. कोणती किती टिकवायची हे पेशी ठरवते.

आता पेटुनियाकडे वळू. हिवाळ्यात आपल्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये कुंड्या भरभरून दिसतात तीच. अमेरिकेत कॅरोलिन नापोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जांभळ्या पेटुनियात रंगाचं जादा जनुक घातलं, रंग गडद व्हावा म्हणून. काही झाडांना चक्क पांढरी फुलं आली! १९९० मध्ये त्यांनी हे छापलं. तेव्हा कारण उमगलं नव्हतं. पेशीने नव्या आणि जुन्या दोन्ही चिठ्ठ्या फाडल्या होत्या. ही यंत्रणा अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका किड्यात उलगडली. त्यांना २००६ चं नोबेल मिळालं.

त्याच जातीच्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या किड्यात १९९३ मध्ये आणखी एक गोष्ट सापडली होती : बावीसेक अक्षरांचा इवलासा आरएनए, जो दुसऱ्या चिठ्ठीला चिकटून तिचं तोंड बंद करतो. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव रोझलिंड ली यांचं, दुसरं रोंडा फाइनबॉम यांचं आणि शेवटचं ली यांचे पती व्हिक्टर अँब्रोस यांचं. २०२४ चं नोबेल अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना मिळालं. नियमाप्रमाणे एक पारितोषिक तिघांत वाटता येतं. तिसरी जागा रिकामीच राहिली. हे आम्हाला खटकतं.

काटालिन कारिको यांची वाट वेगळी होती. हंगेरीतल्या खाटकाची ही मुलगी १९८५ मध्ये नवरा आणि लेकीसह अमेरिकेला गेली. साठवलेले पैसे लेकीच्या टेडी अस्वलात शिवून नेले होते. आरएनए इतका नाजूक की त्याचं औषध कसलं करता, असं तेव्हा बहुतेकांचं मत होतं. १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांचं पद खाली आणलं. त्या हटल्या नाहीत. २००५ मध्ये त्यांनी आणि ड्र्यू वाइसमन यांनी दाखवलं की चिठ्ठीतलं एक अक्षर किंचित बदललं तर शरीर तिच्यावर बिथरत नाही. २०२३ चं नोबेल या दोघांना मिळालं.

नाजूकपणा मात्र होताच. आरएनए तोडणारी विकरं आपल्या बोटांवरही असतात, म्हणून प्रयोगशाळेत हातमोजे घालतात. फायझरची लस सुरुवातीला उणे सत्तर अंशांच्या आसपास ठेवावी लागे. आपल्या आरोग्य केंद्रातल्या आयएलआर फ्रीजला ते कुठून जमणार? पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने आरएनए गोठवून वाळवला, त्याची भुकटी केली. जून २०२२ मध्ये जेमकोव्हॅक-१९ या लशीला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. देशात बनलेली ही पहिली आरएनए लस. ती दोन ते आठ अंशांत राहते, म्हणजे साध्या लशींच्याच कप्प्यात.

आपल्यापैकी बहुतेकींनी घेतली ती कोव्हिशील्ड. ती आरएनएची नव्हे. तिच्यात वाढू न शकणारा एक विषाणू जनुक घेऊन पेशीत जातो आणि चिठ्ठी आपलीच पेशी लिहिते. चिठ्ठी बाहेरून आलेली असो की घरात लिहिलेली, ती बाहेर पडायची वाट पाहत नाही. काही दिवसांत पेशीच तिचे तुकडे करते आणि त्यातली अक्षरं पुढच्या चिठ्ठ्यांसाठी वापरते.