जगद्गुरुपदाचा वाद

जे. कृष्णमूर्ती यांच्याविषयी थिऑसॉफिस्टांत जो वाद माजला, तो एका व्यक्तीच्या योग्यतेपुरता नव्हता. कोणतेही मत सभासदांवर बंधनकारक नाही, या सोसायटीच्या मूळ भूमिकेचीच त्यात कसोटी लागली. १९०९ मध्ये अड्यार येथे लेडबीटर यांनी या मुलाला हेरले व १९११ मध्ये भावी जगद्गुरूच्या स्वागतार्थ 'ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट' हा संघ निघाला. रुडॉल्फ स्टायनर यांच्या नेतृत्वाखालील जर्मन शाखेने त्यास विरोध केला. १९१३ मध्ये तिची सनदच रद्द झाली. अर्थात या शाखेनेही संघाच्या अनुयायांना आपली दारे बंद केली होती, हे विसरता येत नाही.

१९२७ मध्ये बेझंटबाईंनी जगद्गुरू अवतरल्याचे जाहीर केले. परंतु ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओम्मेन येथे कृष्णमूर्तींनी संघच विसर्जित केला. श्रद्धाळूंपुढे विलक्षण पेच उभा राहिला. त्यांना जगद्गुरू मानावे, तर गुरू, विधी व संघटना नाकारणारा त्यांचा उपदेशही शिरोधार्य ठरे. उपदेश नाकारावा, तर बेझंटबाईंची घोषणा खोटी पडे. जगद्गुरूच्या चैतन्याचा केवळ अंश कृष्णमूर्तींच्या ठायी आहे, हा बेझंटबाईंचा तोडगा तर्काला न पटणारा होता; तथापि त्यामुळेच अनेकांना सोसायटीतही राहता आले व कृष्णमूर्तींची व्याख्यानेही ऐकता आली.