नृत्यशाळेचा पहिला पाठ

पुण्याहून सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूस धायरी हें गांव आहे. धारेश्वर हें तेथील जुनें देवस्थान. शेतांच्या जागीं एकामागून एक इमारती उभ्या राहत गेल्या आणि २०१७ सालीं हें गांव पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. अशा नव्या वस्त्यांतून नृत्याचे वर्ग सहज निघतात. दिवसाचें काम संपवून आलेलीं माणसें संध्याकाळीं एखाद्या सभागृहांत जमतात, यंत्रावर गाणें लागतें आणि शिक्षक अंक मोजूं लागतो. समजा, उद्यां अशाच एका सभागृहांत कोणी स्विंग नृत्याची शाळा काढली. जागेचें भाडें, गुळगुळीत जमीन, ध्वनिवर्धक आणि वेळापत्रक यांची व्यवस्था झाली, शिकणारेही आले. मग एकच प्रश्न उरतो. जें नृत्य साता समुद्रांपलीकडे दुसऱ्या कोणाच्या दुःखांतून आणि आनंदांतून जन्मलें, तें शिकवितांना त्या जन्मदात्यांचें कांहीं देणें लागतें कीं नाहीं? आणि लागत असेल, तर तें कसें फेडावयाचें?

या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें, तर प्रथम न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागांत जावें लागतें. १२ मार्च १९२६ रोजीं तेथील लेनॉक्स ॲव्हेन्यूवर ‘सॅव्हॉय’ नांवाचें एक प्रशस्त नृत्यगृह उघडलें. त्या काळीं हार्लेममधल्याच कॉटन क्लबांत रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत नाचत, परंतु समोर बसण्याचा अधिकार गोऱ्यांचा असे. सॅव्हॉयच्या दारांत हा भेद नव्हता. मोलकरीण, हमाल, शिंपी, गोरा श्रीमंत, सर्वांना एकाच जमिनीवर नाचतां येत असे. तेथें विचारलें जाई तें एवढेंच, कीं तुला नाचतां येतें काय?

या जमिनीवर जें नृत्य घडत गेलें, त्यास ‘लिंडी हॉप’ असें नांव पडलें. मे १९२७ मध्यें चार्ल्स लिंडबर्ग यानें एकट्यानें विमान चालवून अटलांटिक महासागर ओलांडला. त्या उड्डाणावरून हें नांव आलें असें सांगतात, आणि ‘शॉर्टी’ जॉर्ज स्नोडेन या ठेंगण्या नर्तकाकडे त्या कथेचें जनकत्व जातें. नृत्याची रचना ऐकावयास सोपी आहे. दोघें हात धरून बहुधा आठ मात्रांचें आवर्तन करितात. मध्येंच तीं एकमेकांपासून दूर सरतात आणि त्या मोकळ्या क्षणीं प्रत्येकानें आपल्या मनाचें कांहीं तरी करावयाचें असतें. मग तबल्याचा तुकडा समेवर यावा त्याप्रमाणें तीं पुन्हां जवळ येतात. त्या मोकळ्या क्षणांतच या नृत्याचा सारा प्राण आहे. बाहेरच्या जगांत ज्यांना स्वतःचें म्हणून कांहीं करावयास जागा फारशी नव्हती, त्यांनीं ती जागा या दोन-चार मात्रांत निर्माण केली होती.

या मंडळींत नॉर्मा मिलर ही एक होती. १९१९ सालीं जन्मलेली ही मुलगी सॅव्हॉयच्या मागल्या बाजूस राहत असे, आणि घराच्या बाहेरील लोखंडी जिन्यावर बसून आंतल्या नर्तकांच्या सावल्या पाहत असे. वयाच्या बाराव्या वर्षीं, १९३२ सालच्या ईस्टरच्या दिवशीं, एका नामवंत नर्तकानें तिला रस्त्यावरून उचलून आंत नेलें व आपल्यासह नाचविलें. तेथूनच तिचें आयुष्य ठरलें. दुसरा फ्रँकी मॅनिंग. त्याचा जन्म १९१४ सालचा. पूर्वीचे नर्तक ताठ उभे राहून नाचत. फ्रँकीनें गुडघे वांकविले, धड पुढें झुकविलें आणि नृत्यास धांवत्या माणसाची गति दिली. १९३५ सालीं सॅव्हॉयमधील एका चढाओढींत त्यानें आपली जोडीदारीण फ्रीडा वॉशिंग्टन हिला पाठीवरून उलटी फिरवून समोर उतरविलें. लिंडी हॉपमधील पहिली आकाशी झेप ती हीच, असें मानतात.

यापुढील कथा मात्र सुखाची नाहीं. नृत्य लोकप्रिय झालें आणि त्या मानानें नर्तक दिसेनासे झाले. १९४१ सालच्या ‘हेल्झापॉपिन’ या चित्रपटांत फ्रँकी, नॉर्मा व त्यांचे सोबती यांचें जें नृत्य आहे, त्याच्या तोडीचें नृत्य पुढें क्वचितच चित्रित झालें असेल. परंतु त्या चित्रपटांत त्यांना वेष दिला आहे तो आचाऱ्यांचा आणि नोकरांचा. १९४३ सालच्या ऑगस्टमध्यें ‘लाइफ’ या सुप्रसिद्ध साप्ताहिकानें लिंडी हॉप हें अमेरिकेचें खरें राष्ट्रीय लोकनृत्य होय, असा गौरव केला. मुखपृष्ठावर जोडपें होतें तें गोरें. सॅव्हॉयचे लिऑन जेम्स आणि विला मे रिकर यांचीं छायाचित्रें आंतल्या पानांत होतीं. ज्यांनीं घर बांधलें त्यांना ओसरीवर बसवावें, तसाच हा प्रकार झाला. त्याच वर्षीं एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत अधिकाऱ्यांनीं सॅव्हॉयचें दार बंद ठेविलें. कारण दिलें गेलें अनीतीचें. पण काळे-गोरे एकत्र नाचतात हेंच खरें दुखणें होतें, असें हार्लेमच्या लोकांनीं त्या वेळींच ओळखलें.

पुढें संगीताची आवड बदलली, मोठे वाद्यवृंद मोडले, आणि १९५८ सालीं सॅव्हॉय बंद झालें. त्या जागीं राहण्याच्या इमारती उठल्या. त्यापूर्वींच, १९५५ सालीं, फ्रँकी मॅनिंग यानें टपालखात्यांत नोकरी धरली होती. सुमारें तीस वर्षें तो तेथें काम करीत राहिला. ज्या नृत्याचें राष्ट्रीय म्हणून कौतुक झालें, तें घडविणारा माणूस टपाल निवडीत होता, आणि नृत्य शिकविणाऱ्या कित्येक शाळांना त्याचें नांवही ठाऊक नव्हतें.

तें नांव पुन्हां उजेडांत आणलें तें शिकणाऱ्यांनीं. १९८० नंतरच्या दशकांत स्वीडनमधील कांहीं तरुणांनीं जुन्या चित्रपटांतील नृत्यें पुनःपुन्हां पाहिलीं आणि त्यांच्या ध्यानांत आलें कीं, पडद्यावरून पाऊल शिकतां येतें, पण त्याचें मर्म शिकतां येत नाहीं. तेव्हां ते जिवंत माणसांच्या शोधार्थ न्यूयॉर्कला गेले आणि सॅव्हॉयचा जुना नर्तक अल मिन्स याला गांठून त्यांनीं विद्या मागितली. १९८६ सालीं कॅलिफोर्नियांतील दोघां नर्तकांनीं फ्रँकीला दूरध्वनि केला. आपण शिकवीत नाहीं, असें तो प्रथम म्हणाला. पुढें तो शिकवूं लागला, आणि मग ९४ वर्षांचें आयुष्य संपेपर्यंत, म्हणजे २००९ पर्यंत, शिकवीतच राहिला. स्वीडनमधील हेरेंग या लहानशा खेड्यांत १९८२ पासून नृत्याचें जें शिबिर भरूं लागलें, तेथें त्याच्याभोंवतीं देशोदेशींचे विद्यार्थी बसूं लागले. तो पावलें शिकवी आणि त्यांबरोबर माणसांच्या गोष्टी सांगे: ही फिरकी कोणाची, ही लकब कोणाची, त्या रात्रीं कोण वाजवीत होतें. ही नांवें त्याच्या पाठांत टीपेसारखीं शेवटीं येत नसत. तो पाठच त्यांनीं बनलेला असे.

ही सारी हकीकत दूर देशींची वाटेल. परंतु हें संगीत महाराष्ट्रास परकें राहिलेलें नाहीं. १९३५-३६ च्या हंगामांत लिऑन ॲबे हा कृष्णवर्णीय वादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईस ताजमहाल हॉटेलांत आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड हे कसलेले कलावंत आले. आपल्या देशांत ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलांत मागल्या दारानें शिरावें लागे, ते येथें सन्मानानें वाजवूं लागले. आणि त्यांच्या शेजारीं बसून गोमंतकीय वादकांनीं ही विद्या आत्मसात केली. वेदरफोर्ड १९४५ सालीं कलकत्त्यास पटकीनें वारला. त्यानें दिलेलें मात्र उरलें. त्याच्या हाताखालीं वाजविलेले फ्रँक फर्नांड पुढें चित्रपटसंगीतांत आले. आल्दोना गांवचे आंतोनियु शाव्हियेर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नांवानें ट्रम्पेटवर सबंध मुंबई गाजवूं लागले.

या गोमंतकीय वादकांचा आणि मराठी संगीतकाराचा संगम झाला, आणि त्यांतून एक नवीनच गोष्ट जन्मास आली. पुणतांब्यास १९१८ सालीं जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, हे विनायकबुवा पटवर्धनांच्या शिष्यांपैकीं एक. खांद्यावर शास्त्रीय तालमीचा भार असूनही त्यांनीं स्विंगची लय मोकळ्या मनानें घेतली. १९४७ सालच्या ‘शहनाई’ या चित्रपटांतून ती घरोघर पोंचली. १९५१ सालीं ‘अलबेला’ आला. त्याचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान आबाजी पालव, म्हणजे गिरणी-कामगाराचे चिरंजीव भगवानदादा. चिक चॉकलेट व त्यांचे सोबती त्या चित्रपटांत स्वतः वाजवितांना दिसतात. भगवानदादांचें नृत्य म्हणजे लिंडी हॉप नव्हे. खांदे किंचित् हलवीत, पाय जमिनीवरून फारसे न उचलतां, हंसतमुखानें नाचण्याची ती त्यांची स्वतःची रीत. पण ज्या लयीवर ते पाय पडले, ती लय हार्लेमहून ताजमध्यें, ताजमधून गोमंतकीयांच्या ट्रम्पेटांत आणि तेथून दादरच्या चित्रगृहांत आलेली होती. गणपतीच्या मिरवणुकींत भगवानदादांसारखा नाच करणाऱ्या किती जणांना हा प्रवास ठाऊक असेल?

येथेंही नांवें गळालींच. चित्रपटांच्या श्रेयनामावलींत संगीतकाराचें नांव येई; सुरांची मांडणी लिहून देणाऱ्या आणि ती वाजविणाऱ्या गोमंतकीयांचीं नांवें बहुधा येत नसत. भगवानदादांनीं एका काळीं मोटारी आणि समुद्रकांठचा बंगला बाळगला. उतारवयांत ते दादरच्या चाळींतल्या खोलींत राहत होते, आणि २००२ सालीं तेथेंच त्यांचें निधन झालें. त्यांची चाल मात्र मोठमोठ्या नटांनीं उचलली. हार्लेममध्यें जें घडलें तेंच थोड्या निराळ्या वेषानें मुंबईंत घडलें.

असें घडलेंच पाहिजे असें नाहीं, याचा दाखला पुण्यांतच आहे. १९४७ सालीं रोहिणी भाटे यांनीं येथें ‘नृत्यभारती’ ही कथकची संस्था काढली. कथक हेंही पुण्याचें नव्हतें, तें उत्तरेचें. रोहिणीबाईंनीं लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्यापुढें वर्षानुवर्षें बसून तें मिळविलें, गुरुपरंपरेचा उल्लेख केल्यावांचून तें शिकविलें नाहीं, संस्कृत ग्रंथांचें अध्ययन केलें, आणि मग त्यांत स्वतःच्या रचनांची भर घातली. २००८ सालीं त्या निवर्तल्या तेव्हां कथक पुण्याचें झालेलें होतें, आणि तरीही तें लखनौ-जयपूरचें राहिलेंच होतें. परक्या नृत्यास आपलेंसें करण्याची सभ्य रीत ती हीच: अगोदर ऋण मान्य करावें, मग त्यांत भर घालावी.

यावर एक आक्षेप संभवतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाला घटकाभर नाचावयाचें असतें. त्याला इतिहास कशाला? आक्षेप खरा आहे. व्याख्यान ऐकावयास कोणी नृत्यशाळेंत येत नाहीं. परंतु या नृत्यांत इतिहास पावलाबाहेर नाहींच. गुडघा कां वांकवावयाचा, याचें उत्तर फ्रँकी मॅनिंग हें आहे. हात सैल सोडून दूर सरल्यावर शिक्षकानें शिकविलेलेंच न करतां आपलें कांहीं कां करावयाचें, याचें उत्तर सॅव्हॉयच्या जमिनीवर आहे. तें न सांगतां नुसते अंक मोजले, तर शिकणाऱ्याच्या हातीं उरते ती कवायत. आणि कवायत चार महिन्यांत कंटाळवाणी होते. म्हणजे ऋण फेडण्यांत शाळेचाही लाभच आहे.

तेव्हां धायरीच्या त्या सभागृहांत पहिल्या संध्याकाळीं फार कांहीं करावें लागणार नाहीं. तबकडी लावतांना वादकांचीं नांवें उच्चारावीं. पाऊल दाखवितांना तें ज्याचें, त्याचें नांव घ्यावें. नॉर्मा मिलर २०१९ सालीं, शंभरीच्या उंबरठ्यावर, वारली. तिची जिन्यावरची गोष्ट सांगावयास दोन मिनिटें पुरतात. एखाद्या दिवशीं चिक चॉकलेटचें ट्रम्पेट ऐकवावें आणि हें संगीत आपल्या दारावरून पूर्वींच एकदां गेलें आहे, हें शिकणाऱ्यांस कळूं द्यावें. शाळेस चार पैसे मिळूं लागले तर त्या परंपरेंतला शिक्षक बोलवावा आणि त्याला त्याचा योग्य मोबदला द्यावा. कारण नुसत्या नामस्मरणानें कोणाचें पोट भरत नाहीं. आणि शेवटीं दिवे मंद करण्यापूर्वीं विद्यार्थ्यांना कांहीं वेळ मोकळें सोडावें, शिक्षकानें अंक मोजणें थांबवावें, आणि त्या दोन-चार मात्रांत ज्यानें त्यानें आपलें कांहीं तरी करावें. ज्यांनीं हें नृत्य घडविलें, त्यांनीं पुढील पिढ्यांसाठीं ठेवलेली जागा तीच आहे.