हातांचा इतिहास

वसईच्या ख्रिस्ती गांवांतून अलीकडे वारसादिन साजरे होऊं लागले आहेत. चर्चच्या आवारांत मांडव घालून जुनीं जातीं, उखळें, पाटे-वरवंटे मांडतात. वृद्ध स्त्रिया तांबडीं लुगडीं नेसून दळण-कांडण करून दाखवितात. आणि मुंबईस नोकरीस जाणारी तरुण मंडळी सभोंवार कोंडाळें करून पाहत उभी राहते. कित्येकांस ही निव्वळ करमणूक वाटते. आम्हांस मात्र हा इतिहासलेखनाचाच एक प्रकार वाटतो. तो कां, हें या स्मरणिकेच्या वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आमच्या इतिहासाचीं कागदी साधनें थोडीं नाहींत. सन १५३४ मध्यें गुजराथचा सुलतान बहादूरशाह यानें तहानें वसई पोर्तुगीजांस दिली. सन १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. राज्य गेलें तरी ख्रिस्ती गांवें राहिलीं. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांस सन १५९७ त नागासाकी येथें हौतात्म्य प्राप्त झालें व सन १८६२ त पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें, हें तर येथील पोरासोरांसहि ठाऊक आहे. बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्यांत आमच्या पूर्वजांचीं नांवें आहेत. परंतु तीं माणसें सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातांनीं काय करीत, हें त्या वह्यांत सांपडावयाचें नाहीं.

रहाटाचेंच पाहा. वसईच्या केळीच्या व पानवेलीच्या वाड्या विहिरींच्या पाण्यावर पोसल्या. विहिरीवर उभें चाक, त्यावरून मडक्यांची माळ खोल पाण्यांत सोडलेली. बाजूस आडवें दांत्यांचें चाक, तें बैल वा रेडा गोल फिरून ओढी. मडकें वर येऊन पन्हळींत रितें होई आणि पाणी पाटानें वाफ्यावाफ्यांत जाई. विजेचे पंप आले व रहाट थांबले. हें वर्णन आम्ही चार ओळींत केलें खरें. परंतु माळ सैल झाली तर काय करावें, मडकें फुटलें तर दुसरें कोणत्या गांठीनें बांधावें, जनावर अडलें तर त्यास कसें हाकारावें, हें चार ओळी वाचून येत नाहीं. ज्यानें रहाट हाकला त्याच्याच हातांत तें ज्ञान आहे, आणि असे हात आतां थोडे उरले आहेत.

असें काम करून दाखविण्याची कल्पना आमचीच आहे असें मात्र नव्हे. स्वीडन देशांत कारखाने वाढून जुनीं खेडीं मोडूं लागलीं, तेव्हां आर्तुर हाझेलियस या गृहस्थानें सन १८९१ मध्यें स्टॉकहोम शहरीं स्कान्सेन नांवाचें उघड्यावरील संग्रहालय उभारलें. निरनिराळ्या प्रांतांतील घरें उचलून तेथें आणिलीं आणि त्या त्या प्रांताचा वेष केलेलीं माणसें त्यांत कामें करतांना दाखविलीं. वसईंतहि वाड्यांच्या जागीं इमारती उठत आहेत. तेव्हां हाझेलियसची तळमळ समजावयास आम्हांस इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं.

आतां थोडें कटु बोलणें भाग आहे. कोठें कोठें उखळांत भात न घालतांच मुसळ आपटतात, कां तर छायाचित्र चांगलें येतें! भात नसेल तर दाणा न मोडतां तूस कसें काढावें, दोघींनीं मुसळ आळीपाळीनें कसें चालवावें, यांतलें कांहींच बघणाऱ्यास कळत नाहीं. जुनें तें सारें सोनें असेंहि आम्ही म्हणत नाहीं. त्या कांडणानें बायकांच्या तळव्यांस घट्टे पडत. तेंहि सांगितलें पाहिजे.

सुकेळ्यांची अडचण निराळी आहे. पिकलेलीं राजेळी केळीं सोलून कित्येक दिवस उन्हांत वाळवावीं लागतात, रात्रीं झांकून ठेवावीं लागतात. तें एका रविवारीं दोन तासांत कसें दाखविणार? म्हणून वारसादिनाच्या आदल्या आठवड्यांतच चार मुलांस एखाद्या जाणत्या आजीच्या अंगणांत धाडावें. तिनें केळ्यांस हात लावूं दिला तर लावावा, आणि ती कादोडींत बोलेल तें तसेंच उतरून घ्यावें, शुद्ध मराठींत फिरवूं नये. शब्दांतहि इतिहास असतो. 'कुपारी' हें नांवच बाप व धर्मबाप यांचें नातें दाखविणाऱ्या 'कोंपाद्रे' या पोर्तुगीज शब्दापासून आलें आहे. आणि दिवस ठरवितांना पंचांगापेक्षां ऊन पाहावें. पावसाळ्यांत सुकेळीं वाळत नाहींत.