नित्यपाठ आणि बंड

शिवथरची घळ पाहावयाची तर पावसाळ्यांत जावें. महाड तालुक्याच्या या कोपऱ्यांत सह्याद्रीच्या कड्यावरून धबधबा कोसळत असतो, आणि त्याच्या घोषापुढें शेजारच्या मनुष्याचा शब्दहि नीट ऐकूं येत नाहीं. अशा ठिकाणीं बसून समर्थ रामदासांनीं दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनीं तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं ही घळ प्रकाशांत आणली. तेव्हांपासून भाविकांचीं पाउलें इकडे वळूं लागलीं. वीस दशक आणि दोनशें समास यांचा हा ग्रंथ फडताळांत जपून ठेवण्यासाठीं रचलेला नाहीं. तो नेमानें वाचावयाचा ग्रंथ आहे, आणि महाराष्ट्रांतील कितीतरी घरांतून तो पिढ्यान्‌पिढ्या तसा वाचला गेला आहे.

नित्यपाठाचा हेतु वडील माणसें सांगतात तो सरळ आहे. रोज वाचावें म्हणजे श्रद्धा दृढ होते, आणि श्रद्धा दृढ झाली म्हणजे मनुष्य आज्ञेंत वागतो. यांपैकीं पहिली गोष्ट आम्हांस मान्य आहे. दुसरीविषयीं मात्र इतिहासाची साक्ष निराळी पडते. दासबोधाच्याच पांचव्या दशकांत गुरूचीं लक्षणें सांगतांना समर्थांनीं भोंदू गुरूंची कडक हजेरी घेतली आहे. जे शिष्याकडून साधन करवून घेत नाहींत, असे गुरु कवडीमोलानें मिळाले तरी टाकावे, असा त्यांचा निर्वाळा आहे. ज्या घरांत हा समास नेमानें वाचला जातो, त्या घरांत गुरुभक्तीबरोबर गुरूस तोलण्याचा तराजूहि येऊन पोहोंचतो. वाचणारानें तो उचलावा कीं न उचलावा, एवढाच प्रश्न उरतो.

हा तराजू उचलणाऱ्या वाचकांचा विचार करूं लागलों म्हणजे आम्हांस प्रथम आठवण होते ती निराळ्याच धर्मग्रंथाच्या एका वाचिकेची. बायबलाचें मराठी रूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दिसूं लागलें. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं मत्तयाचें शुभवर्तमान १८०५ सालीं मराठींत छापलें. त्यानंतर हा ग्रंथ पुष्कळांनीं वाचला. परंतु पंडिता रमाबाईंइतक्या निष्ठेनें आणि इतक्या हट्टानें तो वाचणारें दुसरें मराठी माणूस आम्हांस ठाऊक नाहीं.

रमाबाई वाढल्या त्याच मुळीं पाठांतरांत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा रोष पत्करून पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें तें धन मुलीच्या पदरीं घातलें. हें कुटुंब क्षेत्रोक्षेत्रीं पुराणें सांगत हिंडे. दुष्काळांत आईवडील आणि थोरली बहीण हीं मरण पावलीं. पुढें १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं या तरुण मुलीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ असे किताब दिले, आणि स्त्रियांचा धर्म यावर व्याख्यानें देण्यासाठीं धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचण्याचा प्रसंग तिच्यावर आला. या वाचनांतून काय निष्पन्न झालें तें रमाबाईंनींच लिहून ठेवलें आहे. हे ग्रंथ जवळ जवळ सर्व बाबतींत एकमेकांशीं भांडतात; परंतु स्त्री आणि शूद्र यांस हीन लेखण्याच्या बाबतींत त्यांचें एकमत आहे, असें त्यांस दिसून आलें. शास्त्रावर विश्वास ठेवण्यास सांगणारांनीं हातीं शास्त्र दिलें, आणि त्या वाचनानेंच विश्वास उडविला.

२९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांतील वाँटेज येथें रमाबाईंनीं लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यामुंबईकडे त्याचा मोठा गवगवा झाला. तिकडे मठांतील भगिनींस वाटलें कीं, एक विदुषी आतां आपल्या आज्ञेंत आली. तो समज फार दिवस टिकला नाहीं. रमाबाई बायबल वाचीत आणि जें त्यांत सांपडत नाहीं तें मानण्याचें नाकारीत. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनीं शंका काढल्या आणि चर्चचें प्रत्येक सूत्र डोळे मिटून स्वीकारण्यास नकार दिला. क्रूसावरील लॅटिन अक्षरांसहि त्यांची हरकत होती. न कळणारीं अक्षरें अंगावर बाळगावयाचीं तर आपलें संस्कृत काय वाईट, असा त्यांचा रोख होता. सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं झालेल्या पत्रव्यवहारांत गुरुभगिनी आज्ञापालनाचें महत्त्व सांगते. शिष्या उलट म्हणते कीं, एका पुरोहितवर्गाचें जूं एवढ्या कष्टानें मानेवरून उतरविलें, तें दुसऱ्याचें चढवून घेण्यासाठीं नव्हे. येथें श्रद्धा तुटलेली नाहीं. तुटली ती मधल्या मनुष्याची सत्ता.

एवढ्यावर थांबलों असतों तर कथा सोपी झाली असती. परंतु पुढील प्रकरणांत रमाबाई स्वतःच सत्तेच्या जागीं बसलेल्या दिसतात. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. येथें विद्यार्थिनींच्या धर्मांत ढवळाढवळ होणार नाहीं असें आश्वासन होतें, आणि त्याच भरंवशावर रानडे व भांडारकर यांच्यासारखे गृहस्थ सल्लागार मंडळांत बसले होते. रमाबाई आपल्या खोलींत बायबल वाचून प्रार्थना करीत, आणि त्या वेळीं खोलीचें दार उघडें असे. हळूहळू मुली तेथें येऊन बसूं लागल्या. १८९३ सालीं हा वाद विकोपास गेला. ‘केसरी’नें कडक टीका केली, सल्लागारांनीं संबंध तोडला, आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली परत नेल्या. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, कोणावरहि सक्ती नाहीं. पण मी आपलें दार लावून घेणार नाहीं.

या वादांत आम्हीं पूर्वी सर्वस्वीं रमाबाईंच्या बाजूचे होतों. आतां तसें म्हणवत नाहीं. जी बालविधवा अन्नवस्त्रासाठीं, विद्येसाठीं आणि मायेच्या शब्दासाठीं एकाच बाईवर अवलंबून आहे, तिच्या दृष्टीनें उघडें दार म्हणजे न बोलतां केलेलें आमंत्रण होय. वाँटेजच्या भगिनींचें प्रेमळ दडपण ज्यांस असह्य झालें, त्यांनीं आपल्या प्रेमाचें दडपण कोवळ्या मनावर किती पडतें याचा विचार करावयास हवा होता. भरंवसा मोडल्याची रानड्यांची तक्रार पोकळ नव्हती. मात्र पालकांची अपेक्षाहि न टिकणारी होती. मुलींनीं वाचावयास शिकावें, पण काय वाचावें व त्यावरून काय समजावें हें आम्हीं ठरवूं, असा करार कोणत्याहि शाळेस फार दिवस पाळतां येत नाहीं.

रमाबाईंच्या आयुष्याचें शेवटचें मोठें काम केडगांवच्या मुक्तिसदनांत झालें. चालू मराठी बायबलाची भाषा अवघड असून साध्या बायकांस ती उमगत नाहीं, आणि त्यांतील कित्येक संस्कृत शब्द हिंदु दर्शनांचा अर्थ बरोबर घेऊन येतात, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व मूळ ग्रंथावरून सगळें बायबल स्वतः मराठींत उतरविण्यास बसल्या. सदनाच्याच छापखान्यांत तेथील स्त्रियांनीं खिळे जुळविले. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. ज्या बाईनें दोन धर्मांच्या अधिकाऱ्यांस जुमानलें नाहीं, तिनें अखेरचीं वर्षें रोज वाचावयाचा एक ग्रंथ सिद्ध करण्यांत घालविलीं.

आतां पुनः महाडकडे येऊं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं सहस्रावधि अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. त्याच वर्षीं २५ डिसेंबरला, त्याच गांवीं, मनुस्मृतीचें दहन झालें. दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनीं मांडला होता. धर्मग्रंथाविरुद्ध याहून उघड बंड महाराष्ट्रानें पाहिलें नव्हतें. पण या बंडाच्या मुळाशींहि नित्यपाठच होता. सुभेदार रामजी सकपाळ हे कबीरपंथी होते, आणि मुलांनीं रामायण-महाभारत वाचावें असा त्यांचा आग्रह असे. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्रांची हीनता पुनः पुनः येते ते आम्हीं कां वाचावे, असें मुलानें विचारावें; वडिलांनीं हीन स्थितींतून वर आलेल्या द्रोण-कर्णांचे दाखले द्यावे; आणि मुलाचें समाधान होऊं नये. ही हकीकत बाबासाहेबांनीं उतारवयांत स्वतः लिहून ठेवली आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनीं आपलें बुद्धचरित्र या मुलाच्या हातीं दिलें, तें अशा अतृप्त वाचकाच्या हातीं पडलें.

बाबासाहेबांनीं १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचीं वचनें धर्मग्रंथाप्रमाणें क्रमांक घालून मांडलेलीं आहेत, आणि आज वर्षावासांत ठिकठिकाणच्या विहारांतून त्याचें वाचन होतें. जुना ग्रंथ अग्नींत टाकणाऱ्या पुरुषानेंहि आपल्या लोकांस ग्रंथावांचून ठेवलें नाहीं.

रमाबाई आणि बाबासाहेब यांचे मार्ग भिन्न, धर्म भिन्न, प्रश्नहि पुष्कळ अंशीं भिन्न. पण दोघांच्याहि चरित्रांतून एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. त्यांनीं बंड केलें तें ग्रंथ न वाचतां नव्हे. रोज वाचून, वाचलेलें आपल्या आयुष्याशीं ताडून केलें. ज्यांस केवळ आज्ञाधारक माणसें हवीं असतील त्यांनीं मुलांच्या हातीं पोथी देऊं नये, हेंच बरें. आणि ज्यांनीं बंड करून नवा ग्रंथ दिला, त्यांच्या अनुयायांवर एक जबाबदारी येऊन पडते. त्या ग्रंथापुढें बसलेल्या मुलीनें उद्यां ‘हें असें कां?’ म्हणून विचारलें, तर तिला गप्प बसवावयाचें नाहीं. रमाबाईंच्या खोलीचें दार आंत येणारासाठीं उघडें होतें. तें बाहेर जाणारासाठींहि तितकेंच उघडें असावें.

शिवथरच्या घळींत आजहि दासबोध वाचला जातो. वाचतां वाचतां पांचवें दशक येतें, आणि वाचणारा तो समास वगळून पुढें जात नाहीं.